एकाच दिवशी दोन मशीन: नांदेड-लातूरची काँग्रेस कशी वाढली, कशी झिजली

या भागात जे बोललो तेच इथं जरा नीट करून लिहिलंय. ऐकताना सालं आणि आकडे निसटून जातात ही तुमची तक्रार रास्त आहे, म्हणून यावेळी आकडे जरा सांभाळून टाकलेत.

सुरुवात एका कोड्यापासून करू. 20 नोव्हेंबर 2024. नांदेड लोकसभा मतदारसंघातल्या मतदारानं त्या दिवशी दोन मतं दिली. एक विधानसभेला आणि दुसरं लोकसभेच्या पोटनिवडणुकीला, कारण खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये गेले होते. एकच रांग, एकाच बोटाला शाई, मशीन मात्र दोन. 23 तारखेला निकाल लागला. लोकसभेला वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण काँग्रेसकडून 1,457 मतांनी निवडून आले. आणि त्याच लोकसभा मतदारसंघात येणाऱ्या सहा विधानसभा, म्हणजे भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड, सहाच्या सहा महायुतीकडं गेल्या. अख्ख्या जिल्ह्याचं बघितलं तर नऊपैकी नऊ.

मी कोड लिहून पोट भरतो. एकाच इनपुटवर दोन उलटे आउटपुट आले की आम्ही समजतो, आपण जिला एकच गोष्ट मानत होतो त्या आत दोन आहेत. काँग्रेसचं तसंच आहे. आपण 'पक्ष' म्हणतो त्यात एक असतं मत आणि दुसरी असते यंत्रणा. आपल्या दोन जिल्ह्यांत जवळपास पन्नास-साठ वर्षं ह्या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या चिकटलेल्या होत्या की कुणाला फरक कळायचं कारणच नव्हतं. कळला तो त्या दिवशी.

आता मागं जाऊ.

मराठवाड्यातली काँग्रेस ही पुण्या-मुंबईच्या काँग्रेसची शाखा म्हणून आली नाही, हे आधी लक्षात घ्या. आपण निजामाच्या राज्यात होतो. हैदराबाद स्टेट काँग्रेस 1938 ला उभी राहत होती आणि नीट जन्माला यायच्या आधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. पुढारी कोण, तर स्वामी रामानंद तीर्थ. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याच्या शाळेत मास्तर. आपल्यापैकी निम्म्या जणांच्या मार्कशीटवर त्यांचं नाव छापलेलं असतं आणि माणूस कोण होता हे आपण गुगल करत नाही. (लातूरकरांसाठी एक टोचणारी गोष्ट: रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरलाच वकिली करायचा.) 17 सप्टेंबर 1948 ला पोलीस कारवाई संपली, निजाम गेला, आणि गावात एकच झेंडा उरला ज्याच्यासाठी लोक तुरुंगात गेले होते. पहिली कमाई ही अशी होती. ती कुणी वाटून दिलेली नव्हती.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धुतलं. तरी यशवंतराव चव्हाणांचं सरकार टिकलं, कारण गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा सोबत राहिले. म्हणजे आपण सामील झालो आणि पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसचं सरकार वाचवणाऱ्यांत होतो. त्याच वेळी नांदेडमधून एक आमदार मुंबईला गेले. शंकरराव चव्हाण. जन्म पैठणचा, कायद्याचं शिक्षण उस्मानियाचं, नांदेडला नगराध्यक्ष राहिलेले.

शंकररावांना लोक 'हेडमास्तर' म्हणायचे. शिस्त, कमी बोलणं, फाईल वाचून येणं. पण आपल्यासाठी महत्त्वाचं काय, तर पाणी. 1960 नंतर पाटबंधारे खातं त्यांच्याकडं बराच काळ होतं. जायकवाडीची पायाभरणी 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली, आणि 1976 ला इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. मी बीटेक नांदेडला केलं, विष्णुपुरीत. तिथल्या गोदावरीवरच्या प्रकल्पाला त्यांचंच नाव आहे. आम्ही संध्याकाळी बंधाऱ्याकडं फिरायला जायचो तेव्हा ते आमच्यासाठी फक्त बॅकग्राउंड होतं. पण विचार करा, कोरडवाहू जिल्ह्यात एखाद्या पक्षाचा माणूस पाणी आणतो, तर ते पाणी प्यायलेल्या पिढीला प्रचाराची काय गरज?

पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना, आणि कारखान्याबरोबर यंत्रणा. हा भाग मी सावकाश सांगतो, कारण पुण्यात राहणाऱ्या माझ्या मित्रांना तो खरंच माहीत नसतो.

ऊस तोडायचा म्हणजे टोळी लागते. टोळी कधी येणार हे कारखाना ठरवतो. तुमची तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, पैसे जातात. पेरणीला पीककर्ज गावच्या सोसायटीतून मिळतं, सोसायटीला पैसा जिल्हा बँक देते. पोराला कॉलेजात ॲडमिशन पाहिजे, तर कॉलेज शिक्षण संस्थेचं. रस्ता पाहिजे तर जिल्हा परिषद, जी 1962 पासून सुरू झाली. आता ह्या पाचही ठिकाणी खुर्चीवर बसलेली माणसं एकाच गटाची असतील, तर तुम्हाला 'काँग्रेसला मत द्या' असं कुणी वेगळं सांगायला येईल का? सांगायची गरजच पडत नव्हती. लातूरला मांजरा कारखाना हे त्याचं सगळ्यात चांगलं चाललेलं उदाहरण, नांदेडला भाऊराव चव्हाण कारखाना. आणि चांगलं चाललेलं म्हणजे खरंच चांगलं. मांजराचा भाव आणि वेळेवर बिल यांचं कौतुक विरोधकही करायचे. ही निव्वळ दादागिरी होती असं म्हणणारे गावात राहिलेले नसतात.

विरोधक नव्हते असं नाही हो. कंधारचे केशवराव धोंडगे, उद्धवराव पाटील, शेतकरी कामगार पक्षाची ही माणसं सभागृह हलवून सोडायची. आणीबाणीनंतर 1977 ला नांदेड आणि लातूर, दोन्ही लोकसभा शेकापनं जिंकल्या, धोंडगे नांदेडला आणि उद्धवराव लातूरला. मुख्यमंत्री नांदेडचे असताना! पण 1980 ला दोन्ही परत काँग्रेसकडं. नांदेडला स्वतः शंकरराव, लातूरला शिवराज पाटील चाकूरकर, जे तिथून ओळीनं सात वेळा निवडून आले.

मग खरा विरोध कुठं व्हायचा? पक्षाच्या आत. राजकारणाचे अभ्यासक रजनी कोठारी यांनी 1964 लाच हे मांडलं होतं आणि त्याला 'काँग्रेस सिस्टीम' असं नाव दिलं. सत्ताधारी पण काँग्रेस, आणि सत्ताधाऱ्याला खाली खेचणारा गटही काँग्रेसच. नाराज माणसाला पक्ष सोडायची गरज नाही, गट बदलला की झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर लोड बॅलन्सर आतच बसवलेला होता.

ह्या सिस्टीमनं आपल्या दोन जिल्ह्यांना काय दिलं ते बघा. शंकरराव दोनदा मुख्यमंत्री, 1975 ला आणि 1986 ला. मधे 1985 ला निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर. 1999 ला आणि 2004 ला बाभळगावचे विलासराव देशमुख. 2008 ला शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण. मराठवाड्यातून झालेले काँग्रेसचे चारही मुख्यमंत्री ह्या दोन जिल्ह्यांतले. पुण्यात कुणी 'मराठवाडा म्हणजे मागास' म्हटलं की मी हे ऐकवतो, आणि मग ते विचारतात की एवढे मुख्यमंत्री होऊन लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी का आणावं लागलं. त्यावर माझ्याकडं उत्तर आहे, पण ते अर्धंच आहे: पाऊस पडला नव्हता हे खरं, आणि मांजरा धरणाच्या भोवती ऊस किती लावावा हे कुणी कधी ठरवलं नाही हेही खरं. ज्या उसानं यंत्रणा बांधली त्याच उसाला 'थांब' कोण म्हणणार? लक्षात घ्या, तेव्हा राज्यात सत्ता भाजपची होती, म्हणून हा दोष कुणा एकाच्या नावावर टाकता येत नाही. पण पाणी आणणारा पक्ष अशी जी ओळख होती, ती त्या टँकरच्या गाडीबरोबर गेली, असं मला वाटतं.

शिखर कुठलं विचाराल तर मी नोव्हेंबर 2008 सांगेन. देशाचे गृहमंत्री शिवराज पाटील, चाकूरचे. राज्याचे मुख्यमंत्री विलासराव. उद्योगमंत्री अशोक चव्हाण. नांदेडला नुकताच गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झालेला, शहराचे रस्ते, पूल, घाट नवे कोरे. आणि मग 26 नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. काही दिवसांत शिवराज पाटील गेले, विलासराव गेले, आणि डिसेंबरमध्ये मुख्यमंत्रिपद लातूरहून नांदेडला आलं. इथंच सिस्टीमचा दुसरा चेहरा दिसतो. 2009 च्या सुरुवातीला नव्या सरकारनं मराठवाड्याचं दुसरं विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचं ठरवलं. लातूर पेटलं. मोर्चे, बंद. एकाच पक्षाचे दोन नेते, दोन शहरं, मधे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आजपर्यंत ते आयुक्तालय ना नांदेडला झालं ना लातूरला. अजून कामासाठी संभाजीनगरच गाठावं लागतं.

उतरण मात्र शिखराच्या आधीच सुरू झाली होती.

जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला. त्या वेळी सरकार पुलोदचं होतं, काँग्रेसचं नव्हतं, हे खरं. पण काँग्रेसच्या मतांची मोळी मराठा, दलित, मुस्लिम अशा काड्यांची होती आणि तिची दोरी तिथं तुटायला लागली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. दरम्यान शिवसेना मराठवाड्यात पसरली होती. काँग्रेसनं सगळ्यांना खूश ठेवायच्या नादात सोळा वर्षं काढली, आणि माझ्या मते त्यातून कुणीच खूश झालं नाही.

1972 ला विधानसभेत काँग्रेसच्या 270 पैकी 222 जागा होत्या. 1990 ला 288 पैकी 141. 1995 ला 80. त्या वर्षी खुद्द विलासराव लातूरला जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून सुमारे 35 हजारांनी पडले. पण विलासराव उठले. 1999 ला 90 हजारांहून जास्त मताधिक्यानं आले आणि थेट मुख्यमंत्री झाले. लातूरकर ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. लोक पक्षाकडं नव्हे, माणसाकडं परतले. इथून पुढं दोन्ही जिल्ह्यांत काँग्रेस म्हणजे एकेक घर झालं. नांदेडला चव्हाणांचं, लातूरला बाभळगावची गढी.

आणि घर झालं की लोड बॅलन्सर बंद पडतो. नाराज माणसाला आता आत जागा नाही, कारण वरची खुर्ची वारशानं भरलेली. मग तो बाहेर पडतो, पण जाताना कारखान्यात, बँकेत, जिल्हा परिषदेत शिकलेलं सगळं घेऊन जातो. 2004 ला शिवराज पाटलांना लोकसभेला कुणी पाडलं? भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांनी, म्हणजे काँग्रेसच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या सूनबाईंनी. त्याच वर्षी निलंग्यात विधानसभेला संभाजी पाटलांनी भाजपकडून सख्ख्या आजोबांना हरवलं. 2019 ला नांदेडला अशोक चव्हाणांना हरवणारे प्रतापराव पाटील चिखलीकर हे एकेकाळचे विलासराव समर्थक. भाजपनं आपल्याकडं येऊन काँग्रेसला हरवलं हे वाक्य अर्धवट आहे. काँग्रेसला काँग्रेसवाल्यांनीच, वेगळ्या चिन्हावर हरवलं.

2019 च्या त्या पराभवात आणखी एक आकडा आहे. चव्हाण 40 हजारांच्या आसपास मतांनी पडले, आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला एक लाख 66 हजार मतं होती. मोळीतली काडी वेगळी झाली की काय होतं, ते इथं हिशोबात दिसतं. नांदेड शहरात 2012 ला एमआयएमनं महापालिकेत 11 नगरसेवक आणले तेव्हाच इशारा मिळाला होता. 2017 ला मात्र काँग्रेसनं 81 पैकी 73 जागा घेतल्या आणि सगळं ठीक आहे असं वाटायला लागलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी लातूर महापालिका भाजपनं शून्यावरून उठून जिंकली.

यंत्रणाही तोवर पोकळ व्हायला लागली होती. खासगी कारखाने आले. त्याहून मोठं म्हणजे सोयाबीन आलं. सोयाबीनला टोळी लागत नाही, तोड लागत नाही, चेअरमन लागत नाही. लातूरच्या आडतीवर नेऊन विकलं की झालं, आणि भाव पडला तर तो कुठल्या चेअरमनमुळं नव्हे, बाहेरच्या बाजारामुळं. सरकारी मदत थेट खात्यात पडायला लागली, मोबाईलवर मेसेज येतो. मधल्या माणसाचं काम उरलं नाही. आणि पोरं? पोरं हिंजवडीत. माझ्यासारखी.

जगात हे फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. दक्षिण आफ्रिकेची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस बघा. 1912 चा पक्ष, वर्णभेदाविरुद्ध लढलेला, मंडेलांचा. 1994 ला सुमारे 63 टक्के मतं, 2004 ला जवळपास 70, आणि मे 2024 ला 40. पहिल्यांदाच बहुमत गेलं, आघाडी सरकार करावं लागलं. तिथंही माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा वेगळ्या पक्षाच्या बाजूनं उभे राहिले आणि त्या नव्या पक्षानं साडेचौदा टक्के मतं घेतली. तिथं माणूस गेला आणि मतं त्याच्या मागं गेली.

नांदेडला उलटं झालं, आणि म्हणूनच मला हा विषय घ्यावासा वाटला. 12 फेब्रुवारी 2024 ला अशोक चव्हाणांनी काँग्रेस सोडली, दुसऱ्या दिवशी भाजपमध्ये गेले, लगेच राज्यसभेवर गेले. (प्रवेशाच्याच कार्यक्रमात सवयीनं आशिष शेलारांना 'मुंबई काँग्रेस अध्यक्ष' म्हणून बसले. सभागृह हसलं.) सगळ्यांना वाटलं संपलं. कारण 2014 ला मोदी लाटेत राज्यातून काँग्रेसचे दोनच खासदार आले, एक नांदेडचे अशोक चव्हाण, दुसरे शेजारच्या हिंगोलीचे राजीव सातव. त्यातलं घरच निघून गेलं. आणि जूनच्या निकालात काय झालं? नांदेडला वसंतराव चव्हाण सुमारे 59 हजारांनी जिंकले. लातूरला डॉ. शिवाजी काळगे सुमारे 62 हजारांनी.

यंत्रणा गेली होती, मत राहिलं होतं. मराठा आरक्षणाचा राग, सोयाबीनचा भाव, संविधानाची भीती, मुस्लिम-दलित मतांची एकजूट, ही सगळी कारणं होती. पण ती एका जागी जमा व्हायला जुनं चिन्ह लागलं, आणि ते लोकांच्या हाताला माहीत होतं.

मग नोव्हेंबरच्या त्या दोन मशीनचं काय? मी असं वाचतो. लोकसभेला मतदार देशाचा विचार करतो, शिवाय गेलेल्या खासदाराबद्दलची सहानुभूती होती. विधानसभेला मतदार 'माझं काम कोण करणार' हे बघतो, आणि कामाची यंत्रणा आता दुसऱ्या बाजूला होती. लाडक्या बहिणीचे हप्ते खात्यात पडत होते. भोकरला अशोक चव्हाणांच्या कन्या श्रीजया भाजपकडून आल्या, म्हणजे घर जिंकलं, फक्त चिन्ह बदलून. एप्रिल आणि नोव्हेंबरमधलं अंतर जवळपास सात महिन्यांचं, पण 59 हजारांचे 1,457 झाले, हेही विसरू नका. मतसुद्धा यंत्रणेशिवाय फार दिवस उभं राहत नाही. राज्यात काँग्रेसला 16 जागा मिळाल्या, इतक्या कमी कधीच नव्हत्या.

लातूरचं सांगून थांबतो. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख सव्वा लाखाच्या आसपास मताधिक्यानं आले आणि दुसऱ्या नंबरला उमेदवार नव्हताच, 'नोटा' होतं! ती जागा युतीत भाजपऐवजी शिवसेनेला सुटल्याचा राग तिथं निघाला होता. पाच वर्षांनी भाजपचे रमेश कराड मैदानात होते आणि धीरज साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पडले. शेजारी लातूर शहरात अमित देशमुख सात हजारांच्या आसपास मतांनी वाचले. समोर कोण होतं? भाजपकडून अर्चना पाटील चाकूरकर, शिवराज पाटलांच्या सूनबाई.

पुढच्या भागात शेकापचं बघू. केशवराव धोंडगे आणि कंधार, आणि तो पक्ष काँग्रेसच्या आधीच का संपला. तुमच्या घरात आजोबांकडं त्या काळची एखादी गोष्ट असेल तर रेकॉर्ड करून पाठवा, दोन मिनिटांची चालेल.